खेचरांच्या रकान्यातलं शून्य

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, जनावरांच्या मोजणी खात्यातून निवृत्त झालेला प्रगणक, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्याच टेबलावर, भर सकाळी लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणत्याही माणसाचं दडपण नाही. एका खेचराचं आहे, ते कलम पाचमध्ये येईल.

कलम १. राहतं घर, मागच्या पत्र्याच्या शेडखेरीज, थोरल्या लेकीला. नऊ वर्षं तिने माझी कटकट सोसली आहे. धाकट्याला बँकेतली सगळी शिल्लक. त्याने तोंड वाकडं करू नये. भिंतींपेक्षा त्याला शिल्लक प्रिय आहे, हे तो सहावीत असल्यापासून मला ठाऊक आहे.

कलम २. मेहुण्याला माझी शिडी. ती एकवीस वर्षं त्याच्याकडेच आहे. आता निदान रीतसर त्याची होईल.

कलम ३. नातीला सायकल, आणि अंगठ्याने दाबलं की एक आकडा पुढे सरकतो ते मोजणीचं यंत्र. तिने त्यावर काय वाटेल ते मोजावं. न बघता मात्र काही मोजू नये, आणि बघून काही सोडू नये.

कलम ४. माझ्या आठ मोजण्यांच्या आठ वह्या जनावरांच्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंना. दर पाच वर्षांनी एक, अशा मी दारोदार फिरून भरल्या. पहिलीत आमच्या भागात घोडे चारशे बारा, गाढवं अकराशे सहा, खेचरं त्र्याण्णव. आठवीत घोडे अडतीस, गाढवं एकसष्ट, खेचरं शून्य. घोडे टांग्यांबरोबर गेले, मग टेकडीवर फिरायला येणाऱ्यांसाठी थोडे परत आले. गाढवं चिवट. वीटभट्टीवर ट्रॅक्टर आला तरी अरुंद गल्लीत वाळू तीच नेत होती, म्हणून वीस वर्षं टिकली. मग घसरली ती घसरलीच. (गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने गाढवाला कधी गूळ दिलेला नाही. मी दिलाय.) खेचराचं तर त्याहून अवघड. खेचराला खेचर होत नाही. त्याला घोडी लागते, गाढव लागतं, आणि दोन्ही पाळण्याचा उत्साह असलेला माणूस लागतो.

वरचे साहेब दर वेळी विचारायचे, "एवढी मेली कशाने?" अहो, जनावर मरणारच. त्याच्या जागी दुसरं कोणी आणलं नाही, की आकडा घटतो. मालक कधी म्हणत नाही की मी धंदा सोडला. तो म्हणतो, "हे आहे तोवर आहे." हे वाक्य ऐकलं की पुढच्या मोजणीला ते दार रिकामं असणार, हे मी ओळखायचो.

बाईंनी वह्यांवर विश्वास ठेवावा. फक्त आठव्या वहीतलं खेचरांचं शून्य खोटं आहे.

कलम ५. इथेच माझं घोडं पेंड खातं, म्हणून हे कलम मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितोय.

शेजारचा नालबंद माझा लहानपणापासूनचा मित्र. आठव्या मोजणीच्या आधी चहाच्या टपरीवर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "हा बाबा नुसत्या शेपट्या मोजतो. जनावराच्या पायाकडे कधी बघितलंय का यानं?" लोक हसले. मला झोंबलं. तेव्हापासून मी त्याच्याशी अबोला धरला. मोजणीच्या दिवशी त्याच्या फाटकाशी उभा राहिलो. आत त्याचं खेचर खुराने फरशी खरवडत होतं, मला स्वच्छ ऐकू येत होतं. आमच्या भागातलं ते शेवटचं खेचर. पण खात्याचा नियम असा, की जनावर डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहायचं नाही. मी आत गेलो नाही, बघितलं नाही, आणि नियमावर बोट ठेवून शून्य लिहिलं.

त्या शून्यावरून खेचरांसाठी दर गुरुवारी येणारा डॉक्टर दुसऱ्या भागात हलवला. दोन वर्षांनी खेचराच्या पोटात कळ आली. डॉक्टर पोचेपर्यंत सहा तास गेले आणि ते गेलं. नालबंद कार्यालयात भांडायला गेला, तर त्याला कागद दाखवले. तिथून तो सरळ माझ्या दारात येऊन बसला. "अरे, माझं खेचर नव्हतंच म्हणतात रे," म्हणाला, आणि रडला. मी म्हणालो, "कार्यालयाचा घोळ असेल." त्या दिवशी आमचा अबोला सुटला. त्यानंतर त्याने कोणत्याच जनावराला नाल ठोकला नाही. सतरा वर्षं तो रोज माझ्याकडे चहाला येतो आणि सतरा वर्षं मी त्याला फसवतो आहे. मला याची लाज वाटते. मागची पत्र्याची शेड मी त्याच्या नावे करतो. ही भरपाई नाही, हे मला कळतं.

पुरवणी. मेल्यावर वाचून दाखवणं हा पळपुटेपणा झाला असता, म्हणून शुक्रवारी नालबंदाला बोलावून कलम पाच मीच वाचलं. तो उठला, चहा तसाच टाकून गेला. शनिवारी आला नाही. रविवारी आला नाही. लेक म्हणाली, "बाबा, खाऊन घ्या." मी ताट झाकून ठेवलं.

आज सकाळी आला. उभ्यानेच म्हणाला, "साक्षीदार कोण तुझा?"

"एक वकील. दुसरा बघतोय."

"मी बसतो."

"साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. शेड जाईल तुझी."

"जाऊ दे. शेडमध्ये बांधायला आहे काय माझ्याकडे?"

"मग सही कशाला करतोस?"

"तू तेव्हा आत आला नाहीस. खेचर कुणीतरी बघितलं होतं, असं लिहायला नको?"

तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. पण खुर्ची ओढून बसला आहे.

म्हणून कलम पाचमधली शेडची देणगी रद्द. शेड लेकीला.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली. सोमवार, चौदा मार्च, सकाळी अकरा.

सही: निवृत्त प्रगणक

साक्षीदार पहिले: वकील (सही)

साक्षीदार दुसरे: नालबंद (सही). माझ्या हाताने लिहितो, मोजणीच्या दिवशी खेचर होतं. एक. तांबूस रंग, पुढचा डावा पाय पांढरा.