पित्ताशयाचं ऑपरेशन

३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फोनवर बोलताना तुझ्या सासूबाई शेजारीच असतात, म्हणून मीही लिहितेच आहे. तळपायांना मुंग्या येतात आणि जिन्यात कठडा धरावा लागतो, हे तू तीन ओळींत उरकलंस आणि माझ्या लग्नावर दीड पान लिहिलंस. माझं लग्न थांबू शकतं, हे नाही.

वजन कमी करायला तुझ्यासारखं जठर लहान करून आतडं वळवलं की बी-बारा जीवनसत्त्व अन्नातून नीट शोषलं जात नाही. म्हणून गोळ्या जन्मभर आणि रक्ततपासणी दरवर्षी, असं सर्जननी लिहून दिलं होतं. चार वर्षांत किती वेळा तपासलंस? आकडा कळव. रक्त आमच्या लॅबमध्ये पाठव, मी स्वतः तपासते.

तुझी,
धाकटी

११ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

आकडा शून्य. तू मास्तरीणच व्हायला हवी होतीस. रक्त पाठवलंय.

गोळ्या वर्षभर घेतल्या. मग सासूबाईंनी विचारलं, पित्ताशय काढलेल्या बाईला एवढ्या गोळ्या कशाला? काय सांगणार होते? लग्नाआधी तूच म्हणालीस, वजनाच्या ऑपरेशनऐवजी पित्ताशयाचं सांगू, पोटावरची छिद्रं सारखीच दिसतात, कुणाला शंका येणार नाही. आली नाही. इथल्या डॉक्टरांनीही केसपेपरवर तेच लिहिलंय. अशक्तपणाला लोहाच्या गोळ्या, पायांना मलम. माणूस भला आहे, पण सासऱ्यांबरोबर पत्ते खेळतात. त्यांना सांगितलं म्हणजे घरभर झालं.

तुझी ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बी-बारा ८४. किमान २०० हवं. तपासणी दोनदा केली, फरक नाही. आणखी उशीर झाला तर नसांचं नुकसान भरून येणार नाही. हा कागद घेऊन आजच डॉक्टरांकडे जा आणि खरं सांग.

तेव्हा मी छिद्रांचा विचार केला, पुढच्या वर्षांचा केला नाही. चूक माझी.

धाकटी

२६ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं त्याच दिवशी सांगितलं. चार वर्षं ज्या माणसाला घाबरले, त्या डॉक्टरांनी उठून आधी दार लावून घेतलं. मग रागावले. घरी अवाक्षर बोलले नाहीत. घरी मीच सांगितलं. ह्यांनी दोन दिवस अबोला धरला, आता बोलतात. सासूबाई माझ्या ताटाकडे बघत असतात.

इंजेक्शनं चालू आहेत. मुंग्या कमी झाल्या. तोल मात्र आता जेवढा आहे तेवढाच राहील, असं नसांचे डॉक्टर म्हणाले. काठी घेतली आहे. छत्तिसाव्या वर्षी.

डॉक्टरांनी विचारलं, इतक्या वर्षांत माहेरच्या कुणीच रिपोर्ट मागितला नाही? बहीण लॅबमध्ये आहे, असं मी सांगितलं. ते लिहीत राहिले.

यापुढे दर वर्षीचे रिपोर्ट त्यांच्याकडेच जातील. तू मागू नकोस. मी खुशाली कळवत जाईन.

लोभ आहेच. तो वाढवण्याइतकं बळ सध्या नाही.

ताई