ओहोटी साडेपाचला

१९ फेब्रुवारी २०१८, सोमवार. जेद्दा.
आज सकाळी फजरची नमाज झाल्यावर मी सगळ्यांच्या आधी बाहेर आलो आणि इब्राहीमच्या चपला उचलून रॅकच्या पार टोकाला, सर्वांत वरच्या खणात ठेवल्या. मशिदीच्या दारात असं करणं बरोबर नाही, हे मला कळतं. म्हणून जोडी नीट ठेवली, उलटी नाही. तो पाच मिनिटं अनवाणी फिरत होता. मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. मन शांत झालं नाही, पण सुरुवात झाली.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे दया यायला लागली तर वाचता येईल. गोदामात आम्ही दोघंच परदेशी उरलो. मी स्टॉक रजिस्टर बघतो, इब्राहीम डिस्पॅच. सौदायझेशनच्या नियमाने दोघांपैकी एकाच्या जागी सौदी माणूस येणार. नव्या पर्सोनेल मॅनेजरची नोटीस आली आहे: चार मार्च, रविवार, सकाळी आठ, दोघांनीही हजर राहावे. म्हणजे समोरासमोर बसवून निवड. अशात आमचा रूममेट मोहियुद्दीन सांगतो की इब्राहीम काल मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाला, उस्मानभाईंना कॉम्प्युटर येत नाही.

येत नाही, हे खरं आहे. पण खरं बोलायला त्याला कोणी सांगितलं होतं?

चौदा वर्षांपूर्वी या माणसाचा व्हिसा मी आणवला. सहा महिने माझ्या पलंगाशेजारी जमिनीवर झोपला. पहिली इस्त्री केलेली पँट माझी घातली.

२० फेब्रुवारी, मंगळवार.
ठरवलं: इब्राहीमशी बोलायचं नाही.
दुपारी त्याने सुरमईचं कालवण आणलं. खाताना गप्प बसणं बरं दिसत नाही म्हणून मीठ कमी आहे एवढंच बोललो. ते बोलणं नव्हे. तक्रार.

२२ फेब्रुवारी, गुरुवार.
रात्रभर विचार केला. बद्दुआ द्यायची नाही, ते आपल्या घरचं वळण नाही. इशाच्या नमाजनंतर अल्लाहला फक्त परिस्थिती सांगितली. बाकी तो जाणतो.

बायकोला, हाजराला, फोन केला. इथे राहणाऱ्या फॅमिलीवर सरकारी फी लागली तेव्हापासून ती आणि आमची मुलगी नबीला गावी आहेत. नोकरीचं काही सांगितलं नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी मी परत जाऊन करणार काय? गावातली माणसं जाळं टाकतात, होडी हाकतात, कलमं बांधतात. मी बावीस वर्षं फिल्टर, गॅस्केट आणि बेअरिंग लिहिले. आमच्या वाडीत बेअरिंगचं रजिस्टर कोणाला हवं आहे?

२४ फेब्रुवारी, शनिवार.
मोहियुद्दीनच्या डोक्यात उम्लुजची ट्रिप आहे. म्हणतो, जेद्दात आयुष्य गेलं आणि समुद्र पाहिला तो कॉर्निशच्या बाकावर बसून, हातात शेंगदाणे घेऊन. उद्या हाकलून दिलं तर गावात काय सांगणार? उम्लुजला शंभरेक बेटं आहेत, पांढरी वाळू, हिरवं पाणी. शुक्रवारी बेटावर तंबू, शनिवारी परत. शराफियाच्या बाजारातून तंबू आणतो, गाडी माझी, तुम्ही दोघं फक्त चला.

इब्राहीम लगेच हो म्हणाला. मी नाही म्हणणार होतो. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. शनिवारी तीन मार्च, चांदाची पंधरावी तारीख. पुनवेचं उधाण.
मी हो म्हणालो.

२५ फेब्रुवारी, रविवार.
योजना अल्लाहने सुचवली असं म्हणणार नाही, पण त्याने अडवलीही नाही.

माझा बाप गावी होडीवर तांडेल होता. त्याने शिकवलेलं: चांदाची तारीख घ्यायची, तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. शाळेत गुरुजींनी पाऊणकी छडी घेऊन पाठ करवली, ती आज कामाला आली. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. शनिवारी सव्वाअकराला पूर्ण भरती, संध्याकाळी साडेपाचला पूर्ण ओहोटी. उधाणाची ओहोटी म्हणजे होडी किनाऱ्यापासून पाव मैल लांब चिखलात बसणार.

होडी लहान असते, सामानामुळे दोन खेपा होणार. पहिल्या खेपेत तीन वाजता मी आणि मोहियुद्दीन. दुसरी खेप मुद्दाम साडेपाचला ठरवायची, इब्राहीमसाठी. तोपर्यंत पाणी गेलेलं. मगरिबनंतर कोस्ट गार्ड होडी सोडत नाही, ही चौकशी मी करून ठेवली आहे. इब्राहीम बेटावर. मोहियुद्दीन त्याच्यासाठी थांबेल, मी ड्यूटीचं कारण सांगून बसने जेद्दा. रविवारी आठ वाजता मॅनेजरसमोर एकच खुर्ची भरलेली.

या देशातल्या कॉम्प्युटरला कोणी ओहोटी विचारून पाहावी.

२८ फेब्रुवारी, बुधवार.
शराफियात जाऊन इब्राहीमसाठी एक जाड ब्लँकेट, दोन किलो खजूर आणि पाण्याच्या बारा बाटल्या घेतल्या. माणूस उपाशी किंवा थंडीत राहता कामा नये. नोकरी तेवढी जावी.
खजूर चांगले घेतले. हलके घेतले असते तर मनाला लागलं असतं.

१ मार्च, गुरुवार. गाडीत.
ऑफिसातून परस्पर निघालो. मोहियुद्दीन गाडी चालवतो, इब्राहीम पुढे बसून सोलून संत्री देतो. मला दोन दिली. मी खिडकीबाहेर बघत खाल्ली.
यनबूपाशी त्याने विचारलं, उस्मानभाई, रागावलात का? मी म्हणालो, नाही, गाडी लागते. तेव्हापासून मला पुढची सीट दिली आहे. आता सोललेली संत्री पुढून येत नाहीत, मागून येतात.

२ मार्च, शुक्रवार. बेटावर. चांद १४.
जुम्मा उम्लुजला पढलो. कोस्ट गार्डच्या चौकीवर तिघांच्या इकाम्यांच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्यांच्या, कॉप्या दिल्या. होडीवाला साधारण माझ्याच वयाचा, नाव सालेम, दात कमी, बोलणं जास्त. दोन खेपांत आम्हाला आणि सामानाला बेटावर सोडून गेला.

बेट सुंदर आहे हे मान्य करावं लागतं. एका बाजूला पांढरी वाळू, मध्ये काळ्या दगडांची टेकडी, तिच्यामागे खोल निळं पाणी. सुभानल्लाह म्हटलं. मग कामाला लागलो. वाळूत पाण्याच्या कडेला काठी रोवली. चौदा पाऊणे साडेदहा, म्हणजे ओहोटी पावणेपाचला.

दुपारी ४.४५. पाणी काठीपाशीच आहे.
५.१५. काठीपाशीच. बहुतेक इब्राहीमने काठी हलवली. त्याला विचारलं. म्हणाला, कसली काठी?
५.४०. दुसरी काठी रोवली, त्याला न सांगता.
सालेम मासे द्यायला आला होता. त्याला माझ्या अरबीत विचारलं, पाणी किती लांब जातं? तो म्हणाला, कुठे? मी म्हणालो, मागे, आत. त्याने समुद्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मोहियुद्दीनला विचारलं की याला ऊन लागलं आहे का. म्हणे समुद्र इथेच राहतो, कुठे जाईल?
माणूस वाळवंटातला. होडी चालवतो म्हणून समुद्र कळतो असं नाही. उधाणाचं खरं बळ उद्या दिसेल.

इब्राहीमने मासे भाजले. उत्तम होते. हे इथे केवळ नोंद म्हणून.

३ मार्च, शनिवार. चांद १५.
सकाळी ११.१५. पूर्ण भरती. पाणी काल होतं तिथेच आहे, म्हणजे भरती बरोबर वेळेवर आहे.

२.५०. घात झाला. इब्राहीमचा पाय पोवळ्यावर कापला. फारसं नाही, पण रक्त थांबत नाही. मोहियुद्दीन म्हणतो याला पहिल्या खेपेत नेऊ, दवाखान्यात पट्टी करू. मी म्हणालो, मी पण येतो. सालेमने दोन बोटं दाखवली: तंबू आणि दोन माणसं, खलास. मी म्हणालो, मोहियुद्दीनने थांबावं. मोहियुद्दीन म्हणाला, गाडी काय तुम्ही चालवणार?
इब्राहीम होडीतून ओरडला, उस्मानभाई, साडेपाचला सालेम येतोय, घाबरू नका!
मी कशाला घाबरू? ओहोटीची वेळ त्याला माहीत नाही, मला माहीत आहे. भीती तीच आहे.

४.००. असरची नमाज पढलो. ज्या समुद्राने पाणी न्यावं म्हणून काल विनवलं, त्यानेच आज ते थांबवावं, असं कोणत्या तोंडाने मागणार? मागितलं नाही. अक्कल वापरायची ठरवली. वाळूच्या बाजूला होडी लागणारच नाही, तिकडे उथळ आहे. टेकडीमागे पाणी खोल, ओहोटीतही राहील. सालेम शहाणा असेल तर तिकडेच येईल. ब्लँकेट, खजूर, पाणी, भांडी, सगळं तीन फेऱ्यांत टेकडीमागे नेलं. गुडघे गेले.

५.३५. टेकडीमागे. इंजिनचा आवाज येतो आहे, पण वाळूच्या बाजूने. शेवटी अडकलाच. मी सांगितलं होतं. काल मलाच ऊन लागलं म्हणत होता. मुद्दाम हाक मारली नाही. जरा घासू दे तळ, मग वळसा घालून येईल.
५.५०. तो काहीतरी ओरडतो आहे. पाणी नाही म्हणून असणार.
६.०५. आवाज लांब गेला. वळसा मोठा घेतो आहे.
६.३५. मगरिब. आवाज नाही.
६.५०. टेकडी ओलांडून वाळूवर जाऊन पाहिलं. पाणी माझ्या दुसऱ्या काठीपाशी आहे. वाळूत होडीच्या नाकाची खूण, तिच्यापुढे सालेमच्या पावलांची खूण, तंबूच्या जागेपर्यंत जाऊन परत आलेली.

फोनला रेंज नाही. खजूर चांगले आहेत.

४ मार्च, रविवार. सकाळी ८.००. बेटावर.
या क्षणी मॅनेजरसमोर एकच खुर्ची भरलेली आहे.
ब्लँकेट उबदार होतं. आता कोणावरही राग नाही, फक्त इब्राहीमवर. पाय कापून घेण्याची ही वेळ होती?

८.४०. होडी येते आहे. या वेळी मी वाळूकडेच उभा आहे. होडीत सालेम, कोस्ट गार्डचा एक माणूस, आणि पायाला पांढरी पट्टी बांधलेला इब्राहीम.

त्याच दिवशी, गाडीत.
सालेमला वाटलं मी दुसऱ्या कोणत्यातरी होडीने निघून गेलो. चौकीवर परतलेल्यांत माझं नाव नाही हे मगरिबनंतर कळलं. इब्राहीम रात्रभर चौकीच्या बाकावर बसून राहिला. मोहियुद्दीन त्याला म्हणाला होता, बस पकड, तुझी सकाळी आठची वेळ आहे, उस्मानभाईंसाठी मी आहे ना. तर हा म्हणाला, त्यांना मागे ठेवून मी त्या खुर्चीत बसून बोलू काय?

मला पाहताच होडीत रडला आणि मग शिव्या दिल्या. अहो, टेकडीमागे काय ठेवलं होतं तुमचं? मी म्हणालो, ओहोटी. तो हसायला लागला, ते थांबेचना. म्हणाला, तुम्ही गावची पाऊणकी इथे लावलीत? अहो, हा समुद्र वेगळा, इथे पाणी जेमतेम वीतभर हलतं! बावीस वर्षांत कॉर्निशवर कधी होडी चिखलात बसलेली पाहिलीत?
पाहिली नव्हती. शेंगदाणे पाहत होतो.

मग कॉम्प्युटरचं मीच काढलं. तू मॅनेजरला काय सांगितलंस? म्हणाला, सांगितलं ना, उस्मानभाईंना कॉम्प्युटर येत नाही, मला दोन महिने द्या, मी शिकवतो, पण त्यांना काढू नका. आणि वर म्हणाला, तुमची पाऊणकी बघून वाटतं, दोन महिने कमीच सांगितले.
म्हणजे बदनामी केल्याचं त्याने स्वतः कबूल केलं. नोंद घेतली.

माझ्यासाठी तो गैरहजर राहिला. आता त्याची नोकरी जाणार आणि कारण मी. हे मी मागितलं होतं तेच आहे. मग त्याने दिलेलं संत्रं हातात तसंच का आहे?

५ मार्च, सोमवार.
मॅनेजर बाहेर आहे. उद्या बोलावलं आहे. दिवसभर विचार केला. सूड असा घ्यायचा की तो जन्मभर विसरणार नाही: सगळा दोष मी अंगावर घेणार, फायनल एक्झिट मागून कायमचा गावी जाणार आणि त्याची नोकरी वाचवणार. मग राहील माझ्या उपकाराखाली. मासे भाजताना आठवेन.
अर्ज लिहिला. हाजराला सांगितलं की परत येतो आहे. ती म्हणाली, कायमचे? मी म्हणालो, हो. तिने नबीलाला हाक मारली. पुढचं काही नीट ऐकू आलं नाही.

६ मार्च, मंगळवार.
सकाळी नऊला अर्ज दिला. मॅनेजर पोरगेलासा आहे, उठून उभा राहिला, खुर्ची दिली. अर्ज दोनदा वाचला. म्हणाला, अंकल, रविवारी इब्राहीम आला नाही म्हणून काय झालं? तो राहतो आहे. तुमचं नाव पंधरा दिवसांपूर्वीच वरून ठरून आलं. रविवारी फक्त दोघांच्या सह्या घ्यायच्या होत्या. तुमची जाण्याची, त्याची राहण्याची.

मी विचारलं, मग निवड? म्हणाला, निवड नव्हती.
चहा मागवला. मी प्यालो.

मग मी म्हणालो, तरी हा अर्ज घ्या. मी स्वतः सोडली, असं कागदावर राहू दे. त्याने विचार केला आणि म्हणाला, चालेल, पण तारीख तुमचं नाव येण्याआधीची हवी. मी म्हणालो, अठरा फेब्रुवारी घालतो. तो म्हणाला, घाला, पण मग इब्राहीम आणि बेटाबद्दलची ही चार वाक्यं काढावी लागतील. अठरा फेब्रुवारीला ते घडलेलं नाही.

बरोबर होतं. त्याचंच पेन घेऊन चारही वाक्यं खोडली. अर्जात एक ओळ उरली. तिच्याखाली तारीख घातली आणि सही केली.