नफा झाला, पैसे कुठे आहेत?

सर, तुमच्यावर रागावून लिहितेय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता कसला राग, असं कुणीही म्हणेल. पण माझा राग ताजा आहे.

ठाण्याच्या कॉलेजात तुम्ही आम्हाला अकाउंट्स शिकवायचात. एकदा मी उठून विचारलेलं, "सर, माल उधार विकला, पैसे आलेच नाहीत, तर तो नफा कसा लिहायचा?" तुम्ही खडू खाली ठेवलात. "अगं, येणं ही मालमत्ताच असते. वाण्याच्या गल्ल्यासारखा विचार करू नकोस." सगळा वर्ग हसला. माझ्या वडिलांचं कळव्यात किराणा दुकान होतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक होतं. मी खाली बसले, तुमचं उत्तर पाठ केलं आणि पेपरात तेच लिहिलं. मार्कही भरपूर पडले.

गेल्या वर्षी नोकरी सोडून मी डोंबिवलीत गाळा भाड्याने घेतला, युनिफॉर्म शिवायला. ठाण्यातल्या एका सिक्युरिटी एजन्सीची मोठी ऑर्डर मिळाली. मी नवीन, म्हणून कापडवाल्याने रोख रक्कम मागितली, दिली. मोहन्याहून येणाऱ्या बायका मशीनवर बसल्या. त्यांना दर शनिवारी पैसे लागतात, आणि का लागू नयेत? माल पोचला, बिल फाडलं, आणि तुमच्या हिशेबाने मी त्याच दिवशी फायद्यात आले. सीएसुद्धा खूश. "मॅडम, मस्त प्रॉफिट आहे." वर त्या बिलावरचा जीएसटी भरायला लावला. हातात न आलेल्या पैशांवरचा! "अहो, आधी पैसे तर येऊ देत," मी म्हटलं. तो म्हणाला, "त्याच्याशी सरकारला काय करायचंय?"

एजन्सीला फोन केला की एकच उत्तर, बिल प्रोसेसमध्ये आहे. शेवटी उठले आणि त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. मॅनेजरने चहा मागवला. "मॅडम, तीन महिने तर आमच्याकडे नॉर्मल आहे. पैसे बुडणार थोडेच आहेत?"

"बुडणार नाहीत हो. पण शनिवारी माझ्या बायकांना काय देऊ? तुमचं नॉर्मल?"

तो हसला. "धंदा करताय ना? मग जवळ थोडे पैसे ठेवायला नकोत का?"

हे मला वर्गात कुणी सांगितलं होतं, सर? ताळेबंद दोन्हीकडून जुळला पाहिजे म्हणून तुम्ही आमच्या वह्या परत करायचात. पैसे कुठल्या आठवड्यात येतात आणि कुठल्या आठवड्यात जातात, हे एका तासात सांगून झालं असतं. मी विचारलेलंही तेच. आणि तुम्ही माझं हसं केलंत.

त्याच ऑर्डरचा दुसरा लॉट गाळ्यात तयार पडलेला. मी मॅनेजरला म्हटलं, "पहिलं बिल चुकतं झाल्याशिवाय तो निघणार नाही."

"धमकी देताय?"

"नाही. माल माझ्याकडे आहे, एवढंच सांगतेय."

बाहेर पडताना गार्डने दार उघडलं. अंगात माझ्याच गाळ्यात शिवलेला शर्ट. मी सहज विचारलं, "पगार वेळेवर होतो का, काका?" त्यांनी नुसतं केबिनकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

अर्धे पैसे आठवड्याभरात आले, उरलेले रडतखडत. त्यांची पुढची ऑर्डर आलीच नाही. नको होती, असंही नाही. आता आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. काही गिऱ्हाईकं तोंड वाकडं करून जातात. जाऊ देत.

हे पाठवायला तुमचा पत्ता उरलेला नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. समोर उभी राहिले असते तर "बरं, सर" म्हणून परत आले असते, इतकी मी अजून तुम्हाला घाबरते. एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही. त्या सगळ्या शनिवारी बायकांचे पैसे चुकले नाहीत, ते माझ्या पाटल्यांमुळे. सासूबाई विचारतात, तेव्हा बँकेत आहेत म्हणून सांगते. त्यांना वाटतं, लॉकरमध्ये.