नाकवाल्याची सही

११ ऑगस्ट १४९९

आज मी मेलो असतो!

या किनाऱ्यावर नांगर टाकून नऊ दिवस झाले. गावातल्या एका म्हातारीने हातावर लाल शेंग ठेवली. स्वतः कचाकचा खाऊन दाखवली. मी, खिनेस कार्रियोन, सेव्हिलच्या मसालेबाजारात तीस वर्षं वासावर माल पारखणारा — मीही ऐटीत अख्खी तोंडात टाकली. तळपायाची आग मस्तकात! समुद्राचं पाणी प्यायलो. म्हातारी पोट धरधरून हसली, मग दया येऊन कंदाची भाकरी दिली.

तोमे — आमचा पोर्तुगीज आचारी — धावत आला. "नाकवाले, जिवंत आहात ना? नाहीतर तुमची घोंगडी मी घेतो!"

१२ ऑगस्ट

कप्तान बार्रासांना सांगितलं, ही मिरी नाही.

"तिखट आहे की नाही?"

"आहे, पण —"

"मग मिरीच! आपण हिंदुस्थानात आलोय. इथे मिरी नसेल तर कुठे असेल?"

"कप्तान, मिरीचा वेल असतो, दाणा काळा —"

"आत दाणे आहेत की! पांढरे असले म्हणून काय झालं?"

आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं! ज्या व्यापाऱ्यांनी जहाज दिलं त्यांना मिरीच हवी, आणि पारख्याच्या सहीचा कागद हवा. सही होईपर्यंत नांगर उचलणार नाही, कप्तान म्हणाले. बसा मग.

१९ ऑगस्ट

सही केली नाही. खोट्या मालावर आजवर कधी केली नाही.

२ सप्टेंबर

सगळं जहाज माझ्यावर दात खाऊन आहे. बिस्किटांत पिठापेक्षा किडे जास्त. तोमे म्हणतो, "तुमचं ते इमान खारवून ठेवू का? चार दिवस पुरेल."

गावही आम्हाला विटलंय. अठ्ठावीस तोंडं त्यांच्या कणगीवर! म्हातारीने आज जहाजाकडे बोट दाखवलं आणि कोंबड्या हाकलतात तसे हात झटकले. याला दुभाषा कशाला लागतो?

मला घरी जायचंय. लेओकादियाच्या हातचं चण्याचं कालवण आठवलं आणि बायकोच्या आठवणीने रडलो. चक्क रडलो. शेंग खाल्ली होती, पण ते कारण नव्हे.

(हल्ली रोज एक खातो. पारख म्हणून. सवय नव्हे!)

९ सप्टेंबर

सुचलं!!

कागदावर लिहिलं — 'या किनाऱ्यावर उत्तम प्रतीची मिरी मिळाली.' मग 'मिरी'च्या मध्ये बारीकसा 'च' घुसवला. मिरची! असा शब्द जगात कुठेच नाही, म्हणजे खोटंही नाही. खाली ठसठशीत सही.

कप्तानांनी वरवर नजर फिरवली, मला मिठी मारली. "बघ, आलं ना शहाणपण!" हो, आलं.

१० सप्टेंबर

निघालो! म्हातारी टोपलीभर शेंगा घेऊन पोचवायला आली. सगळ्यांसमोर माझी नक्कल केली — जीभ बाहेर, थयथयाट, खारं पाणी. अख्खा किनारा हसला. मीसुद्धा.

३ डिसेंबर, सेव्हिल

व्यापाऱ्यांनी पोती उघडली, आत डोकं घालून दीर्घ श्वास घेतला. नाकाला मिरच्या झोंबल्या — अक्षरशः!

"ही मिरी?"

कप्तान गरजले, "या नाकवाल्याची सही आहे!"

"आहे ना. वाचा की," मी म्हटलं.

कप्तानांनी वाचलं. परत वाचलं. त्यांचं तोंड शेंगेहून लाल. आता ते माझं तोंड पाहणार नाहीत म्हणे. बरंच झालं.

१४ डिसेंबर

ज्या कालवणासाठी रडलो ते आज पानात पडलं. एक घास घेतला. अळणी! आणि हे मी मोठ्याने बोललो. लेओकादिया अजून बोलत नाही.

२० फेब्रुवारी १५००

तोमे निरोप घेऊन गेला. लिस्बनहून जहाज निघतंय — कालिकतला, खऱ्याखुऱ्या हिंदुस्थानात! जाताना मूठभर बिया मागून घेतल्या. हसून हसून माझी मुरकुंडी वळली. "अरे वेड्या, ज्यांच्या दारात मिरी, ते हे असलं कशाला खातील?" हिंदुस्थानी माणूस मिरचीला हातसुद्धा लावणार नाही. हवं तर कागद आण म्हटलं, आत्ता सही करून देतो.