आखूड नळीचं चव्वेचाळीस

९ जानेवारी २००४, शुक्रवार
आज आपलं रिव्हॉल्व्हर आलं. चव्वेचाळीस मॅग्नम. नळी अवघी अडीच इंच, गोळी करंगळीएवढी जाड. आपलं म्हणजे इथल्या, आखातातल्या नेमबाजी क्लबचं. म्हणजे सेक्रेटरी अबू नासिर यांचं. पण स्टोअरची किल्ली माझ्याकडे, पुसायचं मी, तेल द्यायचं मी. कसेल त्याची जमीन, तर पुसेल त्याचं रिव्हॉल्व्हर.

क्लबात इंडियन मेंबर वाढलेत. त्यांना हिंदीतून शिकवायला असिस्टंट इन्स्ट्रक्टर हवा आहे. अबू नासिर यांनी विचारलं, महिपती, तुला फायरिंग येतं का. मी म्हणालो, सतरा वर्षं फौजेत होतो. हे शंभर टक्के खरं आहे. त्यातली सोळा डेपोत ब्लँकेटं आणि मच्छरदाण्या मोजण्यात गेली, हे त्यांनी विचारलं नाही. न विचारलेलं सांगणं फौजी शिस्तीत बसत नाही.

एप्रिलअखेर परीक्षा. दहा मीटर, तीस गोळ्या, वीस कागदात लागल्या पाहिजेत. पास झालो की व्हिसावरचं लेबर जाऊन इन्स्ट्रक्टर लागणार. इन्स्ट्रक्टरला फॅमिली आणता येते, लेबरला नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण सगळ्या सुट्ट्या जोडल्या तरी बबीता आणि मी एका घरात दोन वर्षंसुद्धा राहिलेलो नाही.

उद्यापासून पहाटे शंभर जोर.

१० जानेवारी
जोर बावीस. थंडी फार.

१६ जानेवारी, शुक्रवार
बबीताला फोन केला. आमच्याकडे फोन नाही, शेजारी हौसाबाईंकडे आहे. हौसाबाई हाक मारतात, मग बबीता धावत येते. तोवर कार्डातली दोन मिनिटं जातात. तिला सांगितलं, काम झाल्यातच जमा आहे, पासपोर्टला अर्ज टाक. ती म्हणाली, आवं, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, आधी कागूद हातात पडू द्या. बाईमाणसाला फायरिंगमधलं काय कळणार. मी आवाज चढवून सांगितलं, तेव्हा हो म्हणाली.

२४ जानेवारी, शनिवार
पहिली प्रॅक्टिस. शिकवायला कॅप्टन इद्रीस. सुदानचे, निवृत्त, बोलणं इतकं हळू की कानावरचं हेडफोनसारखं झापड काढावं लागतं.

सहा गोळ्या झाडल्या. फौजेतल्या चांदमारीत वर्षाला एकदा रायफल खांद्याला लावली होती, तिचा आवाज म्हणजे आवाज. हा आवाज नव्हे. दाढा हलल्या. नळीच्या तोंडातून वीतभर जाळ निघाला. अंगठ्याच्या बेचक्यातलं कातडं सोललं.

कागद कोरा. पण सहाच्या सहा गोळ्या कागदाखालच्या वाळूत, एका ताटात मावतील इतक्या जवळ पडल्या! नेम पक्का आहे, कागद चुकीच्या उंचीवर लावला होता. लावला मीच होता, पण स्टँड क्लबचा आहे.

कॅप्टन म्हणाले, पुन्हा बघू, इन्शाल्ला.

७ फेब्रुवारी, शनिवार
पुन्हा वाळू. वारा होता. रूमवर अश्फाकला सांगितलं. अश्फाक म्हणजे क्लबच्या ऑफिसातला क्लार्क, श्रीवर्धनचा, बिन महमूद भागातल्या आमच्या खोलीत माझ्या शेजारच्या कॉटवर असतो. तो म्हणाला, दहा मीटरवर कसला वारा रे बाबा, मी इकडून थुंकलो तरी लागेल. या कोकणी लोकांना वारा म्हणजे फक्त होडीचा ठाऊक.

जोर बंद केले. जोर मारून हात थरथरतात, नेमाला वाईट. त्याऐवजी तेलाचा पाच लिटरचा डबा रोज दहा मिनिटं हात लांब करून धरायचा.

९ फेब्रुवारी
डबा धरला. दीड मिनिट. झाकण नीट लागलेलं नव्हतं. अश्फाकची चादर धुवून दिली.

२१ फेब्रुवारी, शनिवार
क्लबच्या बसचा ड्रायव्हर सुदाम. बीडकडचा, साधा माणूस. उगाच बघत उभा होता. कॅप्टननी त्याच्या हातात रिव्हॉल्व्हर दिलं. सहापैकी पाच कागदात. सुदाम म्हणाला, लईच गोड वाजतंय की हे. नवशिक्याला नशीब साथ देतं. शिवाय त्याला रिव्हॉल्व्हरचं ज्ञान नाही, त्यामुळे जबाबदारीचं ओझंही नाही. मला एकेका गोळीमागे किती विचार करावा लागतो.

माझ्या सहा: वाळू. मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, वाकडी असावी. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये तशी नोंद केली.

२२ फेब्रुवारी
कॅप्टननी साइट तपासली. सरळ आहे. नोंद खोडायला लावली.

५ मार्च, शुक्रवार
बबीताचा पासपोर्ट आला! फोनवर म्हणाली, फोटोत मी चोरासारखी दिसतीया. मग एकदम गंभीर झाली. ती गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. नऊ वर्षं झाली, पोरं तिला खिचडीमावशी म्हणतात. सुपरवायझर बाईंनी विचारलंय की तू जाणार असशील तर महिनाअखेर राजीनामा दे, हौसाबाईंची सून जागेसाठी थांबली आहे. बबीता म्हणाली, एकदाच ठाम सांगा, सोडू का नको.

सोड म्हणालो. ठाम विचारलं की ठाम सांगावं लागतं. शिवाय परीक्षेला अजून सात आठवडे आहेत. सात आठवड्यांत माणूस काय करू शकत नाही.

२० मार्च, शनिवार
आज फक्त एकच गोष्ट ठरवली होती, डोळे उघडे ठेवायचे. ठेवले. कॅप्टन म्हणतात, मिटले होते. मिटले असते तर मला कळलं नसतं का? झापडांच्या आत कापूसही घातला होता. आवाज निम्मा झाला. जाळ तेवढाच.

वाळू.

३ एप्रिल, शनिवार
यश! कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक भोक. कागद रूमवर आणून कॉटच्या वर चिकटवला. अश्फाकनं चष्मा लावून पाहिला. म्हणाला, महिपती, चव्वेचाळीसच्या भोकातून माझं बोट गेलं पाहिजे, ह्यातून सुई जाईल, हे पिनचं भोक आहे. मी म्हणालो, उन्हानं कागद आखडतो. मग त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. शेवटी म्हणाला, वहिनींना नोकरी सोडायला सांगितलीस ना तू? अजून थांबव.

असल्या माणसांमुळे मनोबल खचतं. एकतीस मार्च कधीच होऊन गेला.

१० एप्रिल, शनिवार
बबीतानं स्वतःहून फोन केला, ऑफिसच्या नंबरवर. लग्नानंतर पहिल्यांदा. पैसे किती गेले असतील. म्हणाली, राजीनामा दिला, पोरांनी निरोपाला गाणं म्हटलं. शेळी बहिणीकडं सोडली. दोन किलो कांदा-लसूण मसाला कुटलाय. तिकडं साडी चालतीय का? तुम्ही कामावर गेल्यावर मी कुणाशी बोलू? मी म्हणालो, इथं सगळं चालतं, बिन महमूदमध्ये आपली पुष्कळ माणसं आहेत.

फोन ठेवल्यावर छातीत कसंतरी झालं. आनंदच असणार.

दुपारी बारा गोळ्या. लिहिण्यासारखं काही नाही.

१७ एप्रिल, शनिवार
गरमी सुरू झाली. तळहाताला घाम. ग्रिप निसटते. इथे परीक्षा जानेवारीत घ्यायला हवी होती. अबू नासिर यांना तसा अर्ज देण्याचा विचार आहे.

२४ एप्रिल, शनिवार
परीक्षा.

पहिल्या बारा वाळूत. मी कॅप्टनना म्हणालो, आज गोळ्यांचा लॉट बरोबर दिसत नाही. त्यांनी रिव्हॉल्व्हर माझ्याकडून घेतलं, पाठ करून स्वतः भरलं आणि परत दिलं.

पहिली झाडली. दुसरी झाडली. तिसऱ्याला नुसतं टक् झालं. आवाज नाही, जाळ नाही. आणि मी पाहिलं, रिव्हॉल्व्हरचं तोंड चांगलं वीतभर खाली गेलं होतं, सरळ वाळूकडे. कुणी ढकललं नव्हतं. माझेच दोन्ही हात होते.

कॅप्टननी रिव्हॉल्व्हर घेतलं. पुन्हा पाठ करून भरलं. मला आता माहीत होतं की आत रिकामं काडतूस असेल. हात दगडासारखे धरले. टक्. तोंड पुन्हा खाली.

ते म्हणाले, साइट चांगली आहे, गोळ्या चांगल्या आहेत. बार व्हायच्या आधीच तू घाबरून तोंड फिरवतोस. पुष्कळांचं होतं, काहींचं जातं. मग विचारलं, फौजेत काय करायचास. सांगितलं, ब्लँकेटं मोजायचो. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, माफ कर, रिपोर्ट खरा लिहावा लागेल.

२५ एप्रिल
गोळ्या जुन्या होत्या असं लिहिलं होतं. खोडलं.

अबू नासिर यांनी बोलावलं. इन्स्ट्रक्टर म्हणून एक रिटायर्ड फिलिपिनो पोलीस येतोय. माझं स्टोअर कायम, व्हिसा आहे तोच. म्हणाले, तू स्टोअर फार छान ठेवतोस. मी शुक्रन, म्हणजे थँक्यू, म्हणालो.

२७ एप्रिल
अश्फाकला म्हणालो, माझ्याऐवजी तू बबीताला सांग. तो म्हणाला, सगळं करीन, हे नाही करणार. मुडद्याला दुसऱ्यांनी उचलायचं असतं, तू जिवंत आहेस ना.

३० एप्रिल, शुक्रवार, दुपारी
कार्ड घेतलं. दुकानाबाहेरच्या बूथवर गेलो. काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. आधी सगळं ऐकून घ्यायचं, ती रडली तर रडू द्यायचं, भांडली तर भांडू द्यायचं, मग सुचवायचं की अंगणवाडीत पुन्हा विचारून बघ.

फोन हौसाबाईंच्या सुनेनं उचलला. ती अंगणवाडीतून नुकतीच घरी आली होती. तिनं बबीताला हाक मारली. बबीता धापा टाकत आली. म्हणाली, बरं झालं तुम्हीच केला, तिकीट कुठल्या तारखेचं?

मी सांगितलं. परीक्षेत नापास झालो, व्हिसा होणार नाही, तू येऊ शकत नाहीस, चूक माझी आहे. चिठ्ठीत होतं ते एका दमात म्हटलं. पलीकडे हौसाबाईंच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मग बबीतानं बोलायला श्वास घेतला, तोही ऐकू आला. आणि ती बोलायच्या आत मी फोन ठेवला.

कार्ड संपलं, असं लिहायला बसलो होतो. कार्डात अजून चौदा मिनिटं आहेत.