उरलेलं औषध

आबा, कलकत्त्यात, बेहाला भागातल्या गलाईच्या दुकानात बसून लिहितोय. भट्टीवर सोनं गाळायचं, घामानं भिजायचं आणि कंबर खाजवायची, एवढंच चाललंय. नायटा मांडीवरनं पोटावर आलाय. मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब लावली की आठवडाभर बसतो, मग दुप्पट उठतो. खोलीतली पोरं माझी चटई पायानं ढकलतात. शेठ आपल्याच भागातला, तोही म्हणतो, "गावाकडं जा, बरा झालास की बघू." बरा कधी होणार, ते सांगा की!

शेवटी बागबाजारच्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी ट्यूब बघितली आणि कचऱ्याच्या टोपलीत फेकली. म्हणाल्या, यात स्टेरॉइड आहे, खाज दबते पण नायटा आत वाढत जातो. "घर में खेती है?" द्राक्षबाग, म्हटलं. तुमच्या छातीत बुरशी झाली, औषध लागू पडलं नाही, त्यातच तुम्ही गेलात, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, भुरी रोगासाठी बागेवर मारतात त्यातली काही औषधं आणि माणसाला देतात ती, एकाच घराण्यातली. मातीतल्या, शेणखतातल्या बुरशीला फवाऱ्याची सवय होते, मग ती छातीत गेली की गोळीला दाद देत नाही. तुमचं तसंच झालं का, ते मात्र आता सांगता येणार नाही म्हणाल्या. इतका राग आला. काढायचा कुणावर?

मी लहान होतो तेव्हाचं आठवतं. आपल्या कालवडीच्या मानेवर नायटा उठलेला. तुम्ही पंपात उरलेलं औषध फडक्यानं तिला चोळताय, आई ओरडतेय, "अहो, ती काय द्राक्षाची वेल हाय व्हय?" तुम्ही हसताय. "बुरशी ती बुरशीच. उरलेलं वाया कशाला? नाही बसली तर डबल मारायचं." मी कालवडीच्या गळ्यात पडलो तेव्हा मात्र कानफटात दिलीत, "चिकटंल की तुला!" चिकटतं हे कळत होतं तुम्हाला. औषधाला बुरशी निर्ढावते, हे कुणी सांगितलंच नाही.

काल दादाला फोन केला. बागेवर तोही डबलच मारतोय. म्हटलं, मापात मार, औषध बदलत जा, खत उकरताना तोंड बांध. तर म्हणतो, "बाग सोडून पळालास, आता कलकत्त्यातनं शिकवतोस व्हय? आबांपेक्षा शहाणा झालास?" तुमचं नाव निघालं आणि मी फोन ठेवला. तुम्ही एकदा सांगितलं असतं तर ऐकलं असतं त्यानं. त्याच्या छातीला काही झालं तर मी कुणाला विचारू?

हा कागद भट्टीत जाईल. पण एक सांगतो. बाईंची पाठ फिरल्यावर ती ट्यूब मी टोपलीतनं उचलून आणली. आत्ताच लावली. डबल.