पुलाअलीकडचा शेवटचा थांबा

रविवार, १२ ऑगस्ट १९८४
फेब्रुवारीपासून इथे एक ओळ नाही. वहीची माफी मागणं हास्यास्पद, तरी मागते. लिहायला बसले असते तर तेच लिहावं लागलं असतं.
तर लिहून टाकते. फेब्रुवारीत लेकीकडे, वसूकडे दादरला निघाले होते. बस पू.च्या मधोमध बंद पडली. खाली खाडी, गाळाचा वास. छाती आवळली, श्वास आत जाईना. उतरले आणि कठड्याला धरून चालत वाशीला परत आले. तेव्हापासून पू. ओलांडलेला नाही. हे फक्त ह्यांना माहीत. मुलीला शाळेच्या, पाहुण्यांच्या सबबी.
मनात धरून चालले होते की पहिलं बाळंतपण माहेरी. हे तिला सातव्यात घेऊन येतील, मला पलीकडे जायला नको. त्या रीतीच्या आड मी सहा महिने लपले.
काल ह्यांनी सांगितलं, तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी वसूला दवाखान्यात झोपवून ठेवलंय. बाळंत होईपर्यंत हलायचं नाही.
"आई कधी येतेय" म्हणाली. ह्यांनी सांगितलं, चाचणी परीक्षा आहे.

शनिवार, १८ ऑगस्ट
डॉ. मराठे. मनाचे डॉक्टर. दर शनिवारी दुपारी आपल्या सेक्टरमधल्या दवाखान्यात बसतात. ह्यांनीच नाव काढलं. बाहेर बाकावर बसताना शाळेतलं कुणी बघेल म्हणून तोंडापुढे मासिक धरलं.
तासभर बोललो. ते कमी, मीच जास्त. त्यांचं म्हणणं असं की एका औषधाने भागत नाही, दोन-तीन गोष्टी एकत्र कराव्यात. एक, मनात येईल तो विचार लिहायचा आणि त्याच्यासमोर पुरावा लिहायचा. दोन, खुर्चीत बसून मुठी, खांदे, जबडा आवळायचा आणि सोडायचा. तीन, पायऱ्या: आधी थांब्यावर नुसतं उभं राहायचं, मग बसमध्ये बसून उतरायचं, मग पुढे.
माझी वही पाहून म्हणाले, "पू. काय? पूर्ण शब्द लिहा."
पूल. पूल. पूल. पहिलीतल्या मुलीसारखं तीनदा लिहिलं. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी.

गुरुवार, २३ ऑगस्ट
विचार: पुलाच्या मध्यावर माझा श्वास थांबेल. पुरावा: फेब्रुवारीत थांबला नव्हता, थांबतोय असं वाटलं.
खाली मी लिहिलं, 'वाटणं हा पुरावा का नाही?' शनिवारी विचारायचं.
मुठींचा व्यायाम घरी छान जमतो. घरी मला काय होतंय?

शनिवार, २५ ऑगस्ट
विचारलं. डॉ. हसले. "बाई, तुम्ही माझीच उत्तरपत्रिका तपासताय." मग गंभीर झाले, "वाटणं खरं आहे. पण वाटण्याने माणूस मरत नाही." बरं वाटलं. घरापर्यंत टिकलं.

बुधवार, ५ सप्टेंबर
मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये रडू आलं. कांबळे बाई होत्या. गणित शिकवतात, नांदेडकडच्या. भाऊ गेला तेव्हापासून रोज पहाटे बुद्धमूर्तीसमोर श्वास बघत बसतात. त्यांना सगळं सांगून टाकलं, का कुणास ठाऊक.
"बसा तर खरं," म्हणाल्या. दार लावलं. "नाकाशी श्वास येतोय, जातोय, तेवढंच बघा. भीती आली तर येऊ द्या. तिला हाकलू नका, उत्तरही देऊ नका."
घंटा होईपर्यंत बसलो. बऱ्याच दिवसांत एवढं गप्प कुणाजवळ बसले नव्हते.
पण डॉ. तर उत्तर द्यायला सांगतात.

शनिवार, ८ सप्टेंबर
डॉ. म्हणाले, दोन्ही चालेल. जे जेव्हा उपयोगी पडेल ते वापरा. मला नेमकं हेच कळत नाही. कुठलं केव्हा?

मंगळवार, ११ सप्टेंबर
पहिली पायरी. पुलाअलीकडच्या शेवटच्या थांब्यावर, वाशीगावच्या, रोज संध्याकाळी जाऊन उभी राहते. बस येते, जाते. तिथे एक कोळीण पाटी घेऊन बसते. आज म्हणाली, "काय गो बाय, रोज येऊन उबी रवतेस, बशीत काय बसत नाय? नवऱ्यानी टाकली काय?"
हसले. कित्येक दिवसांनी. मग मांदेली घेतली. घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "टाकली असती तर तुझ्या हातचे मासे कशाला खाल्ले असते." दोघं हसलो. जेवताना ह्यांनी वसूचा निरोप सांगितला, "आईच्या परीक्षा संपत कशा नाहीत?" घास तसाच राहिला.

रविवार, १६ सप्टेंबर
आज दादरलाच जायचं ठरवून निघाले. हे बरोबर. बस रिकामी, ऊनही नाही. खिडकी ह्यांना दिली.
बसल्याबरोबर विचार आला, श्वास थांबेल. पुरावा शोधायला लागले. लगेच दुसरं, उत्तर देऊ नकोस, श्वास बघ. श्वास बघितला तर तो उथळ. उथळ आहे म्हणून मूठ आवळली, ती सुटेना. मग हा विचार आधी लिहायला हवा होता का, की नुसता बघायला... डोक्यात दोन मास्तर, आणि दोघांनाही माझा पेपर हवा.
कंडक्टर म्हणाला, "कुठे?"
माझ्या तोंडून आलं, "वाशीगाव."
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "एक वाशीगाव, एक दादर." मी उतरले. हे पुढे गेले. बस पुलावर चढून लहान होईपर्यंत बघत राहिले. कोळीण आज नव्हती. बरं झालं.

सोमवार, १७ सप्टेंबर
शाळा. पेपर. काही नाही.

शनिवार, २२ सप्टेंबर
डॉ.ना तोंडातून आलेलं वाशीगाव सांगितलं. "घाई झाली," म्हणाले. घाई नाही तर काय करू? मूल माझ्या पायऱ्यांसाठी थांबणार आहे?

शनिवार, २९ सप्टेंबर
आज डॉ.नी सांगितलं की पुढच्या शनिवारपासून वाशीला येणं जमणार नाही. तिकडच्या रुग्णालयात काम वाढलंय. "तुम्ही शीवला माझ्याकडे या. बसने सरळ येता येईल."
मला हसू फुटलं. थांबेना. डॉ. आधी गोंधळले, मग त्यांच्या लक्षात आलं आणि चेहरा पडला. "माफ करा," म्हणाले. मग, "हीच पुढची पायरी समजा." तेही मनापासूनच म्हणाले. भला माणूस.
पुलाचं औषध पुलापलीकडे.

बुधवार, ३ ऑक्टोबर
ह्यांच्याशी भांडण. मी पुरावे लिहीत होते.
"अजून लिहितेस?"
"मग काय करू?"
"शैला, तुला बरं व्हायचंय की बरं व्हायचा अभ्यास करायचाय?"
नंतर स्वतःच पाण्याचा पेला आणून ठेवला. पण बोलले ते बोलले. तपासून पाहतेय. खरं असेल का? मी लहानपणापासून चांगली विद्यार्थिनी. डॉ.नी शाबास म्हटलं की तो दिवस चांगला जातो, कां. बाईंनी मान हलवली की चांगला जातो. वसू त्या दवाखान्यात एकटी छताकडे बघत पडलीय आणि मी इथे शाबासकी गोळा करते.
की हाही एक विचारच, ज्याच्यासमोर पुरावा लिहावा?
बंद करते.

रविवार, ७ ऑक्टोबर
कां. बाई घरी आल्या. गप्प बसलो. जाताना म्हणाल्या, "माझ्या भावाच्या वेळी मी गेले नव्हते." एवढंच. पुढे काही नाही, उपदेश नाही. चपला घालून गेल्या.

गुरुवार, ११ ऑक्टोबर
डॉक्टरीणबाई म्हणतात, आता कधीही. वसूच्या सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "पहिलटकरणीला आई आहे की नाही?" ह्यांना सहन झालं नाही. सासूबाई गेल्यावर वसूला सगळं खरं सांगून टाकलं. पूल, डॉक्टर, श्वास, सगळं.
वसूने उशी नीट करून घेतली म्हणे. मग म्हणाली, "आईला सांगा, नाही आली तरी चालेल. पण आता परीक्षा म्हणू नका."

शुक्रवार, १२ ऑक्टोबर
नाही आली तरी चालेल. रात्रभर तेच. तिने मला माफी दिली की हिशोबातूनच वजा केलं? तिला काय वाटलं हे मला माहीत नाही. पुरावा नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.
मूठ आवळून पाहिली, सोडली. श्वास पाहिला. विचार लिहिला. सगळं केलं. काही हललं नाही. भीती आहे तिथेच आहे, आणि वसू आहे तिथेच आहे, मधे तो पूल. आता मला वाटत नाही की मी बरी होईन. हे शांतपणे लिहिते आहे. बरी होऊन जायचं हे जमणार नाही. न होता जाता येतं का, हे डॉ.ना विचारायचं राहिलं.
हे म्हणाले, सकाळच्या बसने निघतोय. त्यांनी दोन डबे काढून ठेवलेत, विचारलं नाही.
उद्या: कंडक्टरला 'दादर' म्हणायचं.